‘र’ न गाळता गायलेली गाणी

पॉप संगीताचा इतिहास बहुधा खपाच्या क्रमवारीवरून लिहिला जातो. त्या हिशेबाने ‘द प्रोक्लेमर्स’ या स्कॉटिश बॅण्डची नोंद एका गाण्यापुरतीच होते: प्रेयसीसाठी पाचशे मैल चालण्याची ग्वाही देणारे १९८८चे गीत. भाषा आणि साहित्याच्या अभ्यासकाने मात्र ही कारकीर्द दुसऱ्या अंगाने वाचावी, असे मला वाटते. तिच्या केंद्रस्थानी एक व्यंजन आहे, आणि ते व्यंजन म्हणजे ‘र’.

क्रेग आणि चार्ली रीड हे जुळे भाऊ १९६२ साली लीथ या एडिंबराच्या बंदरभागात जन्मले. त्यांच्या बालपणाचा मोठा काळ फाइफमधल्या ऑख्टरमख्टी या लहानशा गावात गेला. १९८६मध्ये ‘द हाउसमार्टिन्स’ या इंग्लिश बॅण्डने त्यांना आपल्या दौऱ्यावर नेले. १९८७च्या आरंभी ते ‘द ट्यूब’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात दिसले आणि त्याच वर्षी ‘धिस इज द स्टोरी’ हा पहिला आल्बम आला. त्यात दोन आवाज आणि एक गिटार याखेरीज फारसे काही नव्हते. श्रोत्यांना धक्का बसला तो उच्चारांचा. हे गायक आपल्या घरी, आपल्या गल्लीत बोलत तसेच गात होते.

या धक्क्याला पार्श्वभूमी आहे. दक्षिण इंग्लंडच्या प्रतिष्ठित उच्चारात स्वरानंतरचा ‘र’ गळून पडतो. स्कॉटिश बोलण्यात तो ठसठशीत राहतो. पॉप गायनात तिसरीच परंपरा होती. भाषावैज्ञानिक पीटर ट्रडगिल यांनी १९८३ साली ब्रिटिश पॉप गायकांच्या उच्चारांवर निबंध लिहिला. हे गायक अमेरिकी उच्चारांची नक्कल करतात आणि बोलताना गाळलेला ‘र’ गाताना उसना आणतात, असे त्यांनी दाखवले. साठच्या दशकात बीटल्सच्या गायनातून हा उसना ‘र’ कसा ओसरत गेला, याचीही त्यांनी मोजदाद केली. अमेरिकेहून आणलेला ‘र’ गाण्यात शोभून दिसत होता. लीथच्या घरातला ‘र’ मात्र गावंढळ ठरत होता. याचा अर्थ आक्षेप ध्वनीवर कधीच नव्हता. तो ध्वनी कोणत्या माणसांच्या तोंडी आहे, यावर होता.

रीड बंधूंनी या आक्षेपाला पहिल्याच आल्बममधील ‘थ्रो द आर अवे’ या उपरोधिक गाण्यातून उत्तर दिले. त्याहून मोठे काम ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ने केले. गेरी रॅफर्टी यांनी ते पूर्ण वाद्यमेळासह नव्याने ध्वनिमुद्रित करून घेतले आणि १९८७मध्ये ते ब्रिटिश क्रमवारीत तिसऱ्या स्थानी पोहोचले. या गीताची रचना वर्गात शिकवावी अशी आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हायलँड्समधील कुळांना जमिनींवरून हुसकावले गेले आणि हजारो कुटुंबे समुद्रापार गेली. गीतात सदरलँड, स्काय अशी त्या विस्थापनाची स्थळनामे येतात आणि त्यांच्याच चालीवर लिनवुड, बाथगेट ही नावेही येतात. लिनवुडचा मोटारींचा कारखाना १९८१मध्ये बंद झाला होता, बाथगेटचा मालमोटारींचा १९८६मध्ये. कवी कोणतेही भाष्य करत नाही. दोन यादींची लय एक ठेवून तो दोन शतकांना एकाच दुःखात गोवतो. या स्थळनामांचे वजन त्यांच्या उच्चारात आहे. ‘र’ गाळून ती म्हटली तर ते नकाशावरचे शब्द उरतील.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. पुढे हाच उच्चार गंमतीचा विषय झाला नाही काय? चष्मे घातलेले दोन सारखे दिसणारे भाऊ आणि त्यांचे ‘मजेशीर’ बोलणे, एवढीच प्रतिमा अनेकांच्या मनात उरली. पाचशे मैलांचे ते गाणे ब्रिटनमध्ये ११व्या स्थानी थांबले होते. १९९३मध्ये ‘बेनी अँड जून’ या चित्रपटामुळे ते अमेरिकेत तिसरे आले. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले, पण २००७मध्ये आणि धर्मादाय कार्यक्रमासाठी केलेल्या विनोदी अवतारात. बोलीला मुख्य प्रवाहात जागा मिळते ती अनेकदा विदूषकाची, हे नाकारता येणार नाही. तरीही त्या गाण्यात ‘हेवर’ हे स्कॉट्स क्रियापद आहे. त्याचा अर्थ बरळणे, वायफळ बडबडणे. जगभरच्या लाखो लोकांनी अर्थ ठाऊक नसताना हा शब्द आनंदाने गायला. दुर्बोधतेच्या भयाने बोली पुसू पाहणाऱ्या संपादकांनी या घटनेचा विचार करावा.

क्रमवारीचे माप किती तोकडे असते, ते ‘सनशाइन ऑन लीथ’ने दाखवले. १९८८चे हे गीत ४१व्या स्थानापलीकडे गेले नाही. १९९४नंतर तर सात वर्षे या बॅण्डचा नवा आल्बमच आला नाही. त्या गीताला मात्र लीथने आपलेसे केले. हिबर्नियन या तिथल्या फुटबॉल संघाचे ते समूहगान झाले. २१ मे २०१६ रोजी हिबर्नियनने १९०२नंतर प्रथमच स्कॉटिश चषक जिंकला, तेव्हा ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर हजारो लोक ते एका सुरात गात होते. त्या क्षणी कोणाचाही उच्चार ‘अशुद्ध’ नव्हता.

आपल्याकडे ‘र’ची जागा ‘ण’ने घेतली आहे. ‘पानी’ म्हणणारा विद्यार्थी अजूनही हशाचा धनी होतो, आणि तोच हशा बोलीतील कविता अभ्यासक्रमाला लागली की कौतुकात बदलतो. छापील बोलीचा गौरव आणि बोलत्या बोलीची टवाळी एकाच वर्गात नांदतात. प्रमाणभाषा शिकवू नये, असे माझे म्हणणे नाही. लेखनव्यवहाराला तिची गरज आहे. पण उच्चार हा माणसाचा पत्ता असतो. रीड बंधूंनी तो साठीतही बदललेला नाही. २०२२च्या ‘डेंचर्स आउट’ या आल्बममध्ये तोच ‘र’ ऐकू येतो. विद्यार्थ्याला नवी भाषा देताना त्याच्याकडून जुना पत्ता काढून घेण्याचा अधिकार अध्यापकाला कोणी दिला, हा प्रश्न आपण आपल्या विभागांत विचारायला हवा.