‘नाही’ला बक्षीस, ‘हो’ला शिक्षा : अथेन्सचा करार आणि सायप्रस

१/ १६ एप्रिल २००३. अथेन्समध्ये, अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी असलेल्या अ‍ॅटालोसच्या स्तोआत दहा देशांना युरोपीय महासंघात प्रवेश देणाऱ्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. ‘दुभंगलेल्या युरोपचे पुनर्मीलन’ म्हणून हा प्रसंग गौरवला जातो. पोलंडपासून बाल्टिक देशांपर्यंत आठ देशांपुरते ते खरे आहे. सायप्रसपुरते ते साफ खोटे आहे. #इतिहास #धागा

२/ पार्श्वभूमी थोडक्यात. सायप्रस १९६० मध्ये स्वतंत्र झाला. १५ जुलै १९७४ रोजी ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठबळाने तेथे बंड झाले आणि पाचच दिवसांनी तुर्कस्तानचे सैन्य उतरले. बेटाचा सुमारे ३७ टक्के भाग त्याच्या ताब्यात गेला. ग्रीक दक्षिणेकडे, तुर्क उत्तरेकडे अशी लाखोंची घरे सुटली. उत्तरेने १९८३ मध्ये घोषित केलेल्या प्रजासत्ताकाला तुर्कस्तानखेरीज कोणीही मान्यता दिली नाही.

३/ १९९० मध्ये सायप्रसने प्रवेशासाठी अर्ज केला, तो संपूर्ण बेटाच्या नावाने. जगाने मान्य केलेले सरकार मात्र केवळ दक्षिणेवर राज्य करत होते. महासंघाच्या हाती सैन्य नव्हते, पण त्याहून प्रभावी एक गोष्ट होती : सदस्यत्व. दोन्ही बाजूंना ते हवे होते. ते कधी आणि कोणत्या अटीवर द्यायचे, यावरच सारे अवलंबून होते.

४/ डिसेंबर १९९९ मध्ये हेलसिंकीच्या शिखर परिषदेने ठरवले की, तोडगा निघाला तर प्रवेश सुकर होईल. मात्र तोडगा ही प्रवेशाची पूर्वअट नसेल. निर्णय घेताना ‘सर्व संबंधित बाबी’ विचारात घेतल्या जातील, अशी पुस्ती शेवटी जोडलेली होती. त्या पुस्तीने एक दार किलकिले ठेवले होते. पुढे ते कोणीही ढकलून पाहिले नाही.

५/ असे का झाले? सायप्रसला वगळले तर संपूर्ण विस्तारच रोखून धरू, असा ग्रीसचा इशारा होता. पोलंड आणि हंगेरीला आणखी ताटकळत ठेवण्याची कोणाची तयारी नव्हती. आठ देशांच्या न्याय्य प्रतीक्षेची किंमत एका बेटाच्या भवितव्यातून चुकवली गेली. या व्यवहाराला दूरदृष्टी म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

६/ आता खुद्द करार पाहू. त्याला जोडलेला प्रोटोकॉल क्रमांक १० सांगतो : ज्या भागावर सायप्रस सरकारचे प्रत्यक्ष नियंत्रण नाही, तेथे महासंघाचे कायदे स्थगित राहतील. म्हणजे नकाशात संपूर्ण बेट आत, कायद्यात उत्तर बाहेर. ही स्थगिती उठवायची तर सदस्यांचे एकमत हवे. त्या सदस्यांत सायप्रसचे सरकारही आलेच!

७/ करारावर सही करणाऱ्या दहा देशांपैकी नऊ देशांनी प्रवेशाच्या प्रश्नावर सार्वमत घेतले. दहावा देश सायप्रस. तेथे संसदेची मंजुरी पुरेशी मानली गेली. ज्या एका देशात ‘कोणत्या स्वरूपात प्रवेश?’ हा प्रश्न जिवंत होता, तेथेच तो जनतेपुढे गेला नाही.

८/ कराराचे समर्थक एक वजनदार मुद्दा मांडतात. मार्च २००३ मध्ये हेगला कोफी अन्नान यांची योजना फसली, ती उत्तरेचे नेते रौफ डेंकटाश यांच्या हटवादीपणामुळे. तोडगा ही अट ठेवली असती, तर सायप्रसच्या भवितव्याची किल्ली त्यांच्या आणि अंकाराच्या हाती गेली असती. मार्च २००३ पुरता हा मुद्दा बिनतोड आहे.

९/ पण त्यानंतरचे वर्ष पाहा. त्या हिवाळ्यात उत्तरेतले हजारो तुर्क डेंकटाश यांच्या विरोधात आणि एकीकरणाच्या बाजूने रस्त्यावर उतरले होते. डिसेंबर २००३ च्या निवडणुकीनंतर एकीकरणवादी मेहमेत अली तलात पंतप्रधान झाले. अंकाराचेही धोरण पालटले. सदस्यत्वाचे आकर्षण काम करत होते. फक्त ज्यांना ते अजून मिळायचे होते त्यांच्यावर. दक्षिणेच्या खिशात सही झालेला करार होता.

१०/ २४ एप्रिल २००४ रोजी अन्नान योजनेवर दोन्हीकडे सार्वमत झाले. उत्तरेत सुमारे ६५ टक्के ‘हो’. दक्षिणेत सुमारे ७६ टक्के ‘नाही’. राष्ट्राध्यक्ष तासोस पापाडोपुलोस यांनी दूरचित्रवाणीवरून नकाराचेच आवाहन केले होते. सातच दिवसांनी, १ मे रोजी, नकार देणारे महासंघात दाखल झाले आणि होकार देणारे कुंपणाबाहेर राहिले.

११/ येथे दक्षिणेच्या मतदाराला खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. तुर्की सैन्याचा काही हिस्सा बेटावर राहणार होता, तुर्कस्तानचा हमीदार म्हणून हक्क कायम होता, निर्वासितांच्या घरवापसीवर मर्यादा होत्या. नकाराला कारणे होती आणि नकाराचा हक्कही होता. दोष कराराचा आहे. त्याने नकार फुकट केला आणि होकार निरर्थक.

१२/ ‘दुसरा मार्गच नव्हता’ हा युक्तिवाद महासंघानेच खोडून काढला. एप्रिल २००५ मध्ये बल्गेरिया आणि रुमानियाशी करार झाला, तेव्हा तयारी अपुरी दिसल्यास प्रवेश वर्षभर पुढे ढकलण्याचे कलम त्यात होते. म्हणजे सहीनंतरही हाती लगाम ठेवण्याची युक्ती ठाऊक होती. न्यायालयीन सुधारणांसाठी जे सुचले, ते एका देशाच्या फाळणीसाठी सुचू नये?

१३/ परिणाम आजही भोगले जात आहेत. उत्तरेशी थेट व्यापाराचा प्रस्ताव २००४ मध्ये मांडला गेला. तो मंजूर झालेला नाही. तुर्कस्तानने सायप्रसच्या जहाजांना बंदरे खुली केली नाहीत म्हणून डिसेंबर २००६ मध्ये त्याच्याशी चाललेल्या वाटाघाटींची आठ प्रकरणे गोठवली गेली. २०१७ मध्ये क्रॅन्स-मोंटानाची बोलणीही फिसकटली. तंटा सोडवू शकणारा मध्यस्थ प्रवेश देताच तंट्यातला पक्षकार झाला.

१४/ हा केवळ जुना हिशेब नाही. भूभागाचा काही हिस्सा हातात नसलेले युक्रेन आणि मोल्दोव्हा आज त्याच दाराशी उभे आहेत आणि सायप्रसचा दाखला त्यांच्यासाठी दिला जातो. त्यांना प्रवेश नाकारावा, असा याचा अर्थ नव्हे. तसे केले तर आक्रमकालाच नकाराधिकार मिळेल. मात्र ‘आधी आत घ्या, तंटा मागाहून मिटेल’ या आश्वासनाची परीक्षा एकदा होऊन गेली आहे. निकोसियाच्या मधोमध आजही उभी असलेली सीमारेषा हाच तिचा निकाल.