घरगुती संगीत आणि श्रोत्यांचे श्रम

१९८७ साली कार्स्टेन ओबार्स्की या जर्मन रचनाकाराने ‘अमिगा’ या घरगुती संगणकासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ ही आज्ञावली तयार केली. इलेक्ट्रॉनिक संगीत तोवर बहुतांशी स्टुडिओंच्या आणि महागडी वाद्ये परवडणाऱ्यांच्या हाती होते. आता चार ध्वनिमार्गांवर छोटे ध्वनिनमुने मांडून घरबसल्या रचना करणे शक्य झाले.

परंतु साधन स्वस्त झाले, एवढेच या घटनेचे महत्त्व नव्हे. या रचनेच्या फाइलमध्ये तिचे ध्वनिनमुने आणि ते कोणत्या क्रमाने, कोणत्या स्वरात वाजवायचे याच्या सूचनाही असत. ती ज्याच्या हाती पडे त्याला रचना कशी घडली हे उघडून पाहता येई, बदलून पाहता येई. युरोपातील तरुण अशा फाइली फ्लॉपीवर भरून टपालाने परस्परांना पाठवीत. साहजिकच अभिप्राय ‘आवडले’, ‘नावडले’ यावर थांबत नसे. ठेका नेमका कोठे अडखळतो, हे ऐकणारा बोट ठेवून दाखवू शके.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता असा अभिप्राय हेही श्रमच होत. अनोळखी नवशिक्याची रचना दोनदा ऐकून तिच्यावर विचारपूर्वक चार वाक्ये लिहिणाऱ्याला बाजार काही देत नाही. तरीही ज्याला गुरूसमोर बसण्याची सोय नाही, त्याचे शिक्षण याच श्रमांवर चालते.

आज मोबाइलवरही रचना करता येते. साधनांचा प्रश्न पुष्कळसा सुटला आहे. मात्र ती जेथे ऐकवायची ती व्यासपीठे मुख्यतः कंपन्यांच्या मालकीची आहेत आणि तेथे अभिप्रायाची जागा आकड्यांनी घेतली आहे. मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या रचनांना मानधन न देण्याचे धोरण स्पॉटिफायने २०२४ साली लागू केले.

कंपन्यांनी विनामूल्य जागा दिली, हे काय थोडे झाले, असे कोणी म्हणेल. ती जागा विनामूल्य नव्हती. लोकांनी आणलेल्या संगीताभोवती श्रोते जमले आणि त्यांचे लक्ष जाहिरातदारांना विकले गेले. शिवाय त्या ठेव्याची शाश्वती किती, हेही २०१९ साली दिसून आले. सर्व्हर बदलताना मायस्पेसवरील २००३ ते २०१५ या काळातील संगीत नष्ट झाले. पाच कोटींहून अधिक रचना गेल्याचे सांगण्यात आले. पुढे त्यांतील सुमारे ४,९०,००० रचना इंटरनेट आर्काइव्हने लोकांसाठी खुल्या केल्या. एका अभ्यासगटाने आपल्या कामासाठी प्रती काढून ठेवल्या होत्या, म्हणून शेकडा एक रचना तरी वाचल्या.

याउलट, १९९६पासून स्वयंसेवक चालवीत असलेल्या ‘मॉड आर्काइव्ह’वर त्या जुन्या पद्धतीच्या रचना आजही कोणालाही उतरवून घेता येतात. गावचे सार्वजनिक वाचनालय ज्या वृत्तीने सभासद चालवतात, तीच वृत्ती येथे आहे. घरी संगीत रचणाऱ्या तरुणांनीही हाच मार्ग धरावा. आपल्या रचनेची मूळ प्रत स्वतःजवळ आणि आणखी दोघांजवळ ठेवावी. रचनेसोबत ती घडवण्याची रीतही इतरांपुढे मांडावी. आणि आपली रचना ऐकवण्यापूर्वी दुसऱ्या कोणाची तरी रचना लक्षपूर्वक ऐकून तिच्यावर अभिप्राय लिहावा. हा परिपाठ मोडला, तर साधन घरोघरी पोहोचूनही शिकणारा एकटाच राहील.