ताण किती असावा?

पेढीमागच्या गोदामात ताडपत्रीखाली झाकलेली जुनी मोटारसायकल आपल्या व्यापारी घरांतून आजही आढळते. वडिलांनी वसुलीसाठी गावोगाव फिरविलेले ते वाहन मोडीत काढवत नाही, आणि नातवाला ते चालू करून पाहण्याची हौस असते. इंजिन सुरू होते. पण आतून खडखड ऐकू येते. अशा वेळी ज्या लहानशा भागाची ओळख असावी, तो म्हणजे टायमिंग चेनचा टेन्शनर.

जुन्या बुलेटमध्ये व्हॉल्व्ह पुशरॉडने उघडत, आणि येझदी टू-स्ट्रोक असल्याने तिला व्हॉल्व्हच नव्हते. म्हणून त्या गाड्यांवर हात बसलेल्या कारागिराला ही चेन काहीशी परकी. १९६९ साली आलेल्या चार सिलिंडरांच्या होंडा सीबी ७५० मध्ये कॅमशाफ्ट इंजिनाच्या माथ्यावर होता. आपल्याकडे १९८५ पासून हीरो होंडा सीडी १०० ने तीच रचना घरोघरी पोचविली. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक, हा हिशेब चेन सांभाळते.

चेन ताणली गेली असे आपण म्हणतो. वस्तुतः तिच्या पिना व बुश झिजतात आणि प्रत्येक सांध्यातील केसभर ढिलाईची बेरीज होते. ती बेरीज टेन्शनर रबरी पट्टीच्या आधारे आवरून धरतो. तो थकला की आयडलवर खडखड होते, आणि पुष्कळदा तिला टॅपेटचा आवाज समजले जाते. दुर्लक्ष केल्यास चेन दाता सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतो आणि किरकोळ दुरुस्तीचे इंजिनकाम होते.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. सीबी ७५० मध्ये चेनला रेटण्याचे काम स्प्रिंग करते. बाहेरचा बोल्ट केवळ कुलूप आहे. इंजिन बंद ठेवून, चालीच्याच दिशेने फिरवून खुणेवर आणावे, म्हणजे ढिलाई टेन्शनरच्या बाजूस जमते. मग चेक नट व बोल्ट सैल करताच स्प्रिंग ती ढिलाई घेते. नंतर बोल्ट पुन्हा बेताने आवळावा. आवाज जावा म्हणून तो जोराने पिळल्यास आटे जातात, ताण मात्र वाढत नाही. याउलट काही इंजिनांत बोल्टच चेनला रेटतो. तेथे अधिक पिळल्यास रबरी पट्टी व बेअरिंगे झिजतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

ऑटोमॅटिक टेन्शनरची दांडी दातेरी खाचांवर पुढे सरते, मागे येत नाही. त्याचे बोल्ट थोडे सैल करून पुन्हा आवळले तर दांडी मधल्या वेळेत पुढे सरकलेली असते आणि चेन नको तितकी ताणली जाते. म्हणून तो पूर्ण काढून, दांडी मागे घेऊनच बसवावा.

खाचा झिजलेल्या अशा टेन्शनरचा नवा भाग मिळत नसेल, तर त्याच्या टोकास भोक पाडून, आटे काढून, बोल्ट व चेक नट बसविण्याचे काम चांगला लेथवाला करून देतो. उपाय टिकाऊ आहे. परंतु यापुढे ताण पाहण्याची जबाबदारी यंत्राकडून माणसाकडे येते. ठरावीक किलोमीटरांनंतर न चुकता पाना हाती घेणारा घरात असेल तरच हा बदल करावा. नातू गाडी चालवून विसरणारा असेल, तर मूळ प्रकारचाच टेन्शनर शोधावा.

समायोजनाची मर्यादा संपली असल्यास चेन आणि पट्टी दोन्ही एकदमच बदलाव्यात. जुनी पट्टी कडक होऊन सुटलेली दिसली, तर तेलाची जाळीही उघडून पाहण्यास कारागिराला सांगावे. रबराचे तुकडे तेथेच अडकतात आणि तेलाची वाट रोखतात.