खोक्यावरचा घाट

पावसाची झड लागली की पुण्यातल्या सायकलवाल्यांचा सिंहगड सुटतो आणि घरातल्या घरात चढ कसा मिळेल, याची विचारणा सुरू होते. पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: सायकल घरात जागच्या जागी चालवायचा 12 टक्के चढाचा ट्रेनर पुरेल, की 20 टक्क्यांचाच घेऊ? माझं मत विचाराल तर खोक्यावर छापलेला हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा.

आधी घाट सपाटीहून वेगळा का, ते पाहू. सायकल आणि स्वार मिळून 85 किलो धरा. सपाटीवर ताशी 30 किलोमीटरने जाताना या वजनात जेवढी गतिज ऊर्जा असते, तिचा जेमतेम चौदावा हिस्सा ताशी 8 किलोमीटरने चढताना उरतो. म्हणून सपाटीवर पाय क्षणभर ढिले पडले तरी सायकल आपल्या ओघात पुढे जाते; घाटात पाय ढिले पडले की तीही अडते. 10 टक्के चढावर या कासवगतीलाही साधारण 195 वॅट लागतात. जोर भरपूर आणि वेग नगण्य, असा हा मामला आहे, आणि स्वस्त ट्रेनरला नेमका तोच जमत नाही.

मागचं टायर रोलरवर टेकवायचं, त्या साध्या फ्लुइड ट्रेनरचा विरोध वेगाबरोबर वाढतो. हलक्या गिअरवर तो पोकळ लागतो. मग जोर यावा म्हणून तुम्ही गिअर चढवता, चाक घोंघावायला लागतं, शेजारी दार वाजवतात. घाम तितकाच गाळता, पण कसरत होते ती समोरच्या वाऱ्याशी झुंजण्याची. या जातीतले स्मार्ट ट्रेनर थोडे बरे. वाहूच्या किकर स्नॅपवर 12 टक्के लिहिलेलं असतं. पण उभं राहून जोर लावला की रोलरवर टायर घसरण्याची शक्यता राहतेच.

मागचं चाक काढून चेन थेट ट्रेनरच्या कॅसेटवर बसवली की घसरण्याचा प्रश्न संपतो, आणि कमी वेगातही ब्रेक पकड धरतो. किकर कोअर 16 टक्क्यांपर्यंत जातो, टॅक्सचा निओ 2टी 25 पर्यंत. निओचा फ्लायव्हील आभासी असल्यामुळे चढावरचा जडपणा तो फार छान उतरवतो, शिवाय वीज गेली तरी चालतो. आपल्याकडे हा गुण काही लहान नाही.

मग आकडा शेवटी का? ट्रेनरला जोडायच्या झ्विफ्ट या आभासी सायकलिंगच्या ॲपमध्ये 'ट्रेनर डिफिकल्टी' नावाचं सेटिंग मुळातच 50 टक्क्यांवर असतं. पडद्यावर 10 टक्के चढ दिसला तरी पायांना 5 टक्केच लागतो. आल्प द्वेझ या घाटाच्या 21 वळणांची आल्प दु झ्विफ्टवरची नक्कल फत्ते केल्याचे फोटो टाकणाऱ्यांपैकी कित्येकांनी हे सेटिंग उघडूनही पाहिलेलं नसतं! वर जायला लागणारे वॅट तेवढेच राहतात, हे खरं. पण गिअर पुरले की नाही, ते कळत नाही. 100 टक्क्यांवर ठेवा, मग समजेल.

सायकलचा पुढचा भाग उचलणारा किकर क्लाइंब ही श्रीमंती हौस आहे. पाठीला आणि मांड्यांना चढाची बैठक मिळते, मजाही येते, पण तो दुसऱ्या वर्षी घ्यावा. घाटाच्या सरावासाठी 16 टक्क्यांचा थेट चेनचा ट्रेनर बहुतेकांना पुरे. उरलेल्या पैशांत मागे 34 दात्यांची कॅसेट आणि एक दणकट पंखा घ्या.