ज्वारीच्या भाकरीतला गहू

गव्हाचा प्रचार मीच गावोगाव केला. पण सीलिएक रोग झालेल्या लेकराच्या आतड्याला गव्हातले चिकट प्रथिन, म्हणजे ग्लूटेन, चिमूटभर पिठातूनही इजा करते. चपाती बंद करून ज्वारीची भाकरी दिली, तरी पोट बिघडतच असेल तर गिरणीकडे बघा. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दगडांत राहतो आणि तुमच्या ज्वारीत उतरतो. पहिले शेरभर पीठ बाजूला काढून भागत नाही. माळ्यावरचे जाते उतरवा, टाकी लावून घ्या आणि त्यावर फक्त लेकराचे दळण दळा. चाळणी, परात, तवा निराळा ठेवा. हिंगाची डबीही वाचून घ्या. बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. ‘एवढ्याने काय होतंय?’ असे सासूबाई म्हणाल्या, तर पुढच्या खेपेला त्यांनाच डॉक्टरांकडे सोबत न्या.