कॅमेऱ्याची साक्ष

सामाजिक न्यायाच्या चळवळींचा इतिहास लिहिताना नेते, सभा आणि ठराव यांची नोंद आवर्जून घेतली जाते. ज्याने अन्याय पुराव्यानिशी समाजासमोर ठेवला, त्या छायाचित्रकाराचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. छायाचित्र म्हणजे बातमीशेजारची सजावट, हा समज त्याच्या मुळाशी आहे. अमेरिकेतील बालमजुरीविरोधी चळवळीने हा समज शंभर वर्षांपूर्वीच खोटा ठरवला.

१९०० च्या अमेरिकी जनगणनेत दहा ते पंधरा वर्षे वयाची सुमारे साडेसतरा लाख मुले कामावर असल्याची नोंद आहे. या प्रश्नावर १९०४ मध्ये राष्ट्रीय बालमजुरी समिती स्थापन झाली. पण आकडे कोणाला हलवत नव्हते. जाब विचारला, तर ‘ही मुले कामाला नाहीत, थोरांच्या मदतीला येतात’ असे उत्तर मिळे. १९०८ मध्ये समितीने लुईस हाइन या न्यूयॉर्कमधील शिक्षकाला छायाचित्रणासाठी नेमले आणि ही सबब टिकेनाशी झाली.

कॅमेरा घेऊन येणाऱ्याला कारखान्याच्या फाटकातच अडवले जाई. म्हणून हाइन कधी बायबलविक्रेता बने, कधी यंत्रांची चित्रे घेणारा कारागीर. आपल्या कोटाची प्रत्येक गुंडी जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे त्याने मोजून ठेवले होते. मूल कोणत्या गुंडीपर्यंत पोहोचते, यावरून तो त्याची उंची ठरवी आणि खिशात हात घालून तिथेच टिपून ठेवी. नाव, वय, काम, मजुरी यांची जमेल तेवढी नोंद तो चित्रासोबत करी. पेनसिल्व्हेनियात १९११ मध्ये त्याने कोळशातून दगड वेचणारी मुले टिपली. कोंदलेल्या धुळीत ओणवी बसलेली ती मुले पाहिल्यावर ‘मदतीला येतात’ हा खुलासा कोण स्वीकारणार? हाइनची अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे आज अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत.

तरीही यश चटकन आले नाही. १९१६ चा केंद्रीय कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये रद्द ठरवला. टिकणारा कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. छायाचित्राने समाजाचे डोळे उघडले. मात्र उघड्या डोळ्यांनी तीस वर्षे चिकाटीने काम करणारी संघटित माणसेही लागली. ज्याच्या चित्रांनी हे घडले, तो हाइन १९४० मध्ये हलाखीत निवर्तला.

ही परंपरा महाराष्ट्रालाही परकी नाही. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे टिपले. घाणीत उतरणारा कामगार आणि घरी परतलेला कुटुंबप्रमुख, अशी एकाच माणसाची दोन्ही रूपे त्यांनी दाखवली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध देशात १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. तरीही गटारात माणसे गुदमरून मरतात. अशा वेळी कायद्याच्या कागदापेक्षा छायाचित्र अधिक खरे बोलते.

मात्र साक्षीदाराला मान मिळतो तो त्याच्या खरेपणामुळे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. जुने चित्र नवे म्हणून, एका गावचे दुसऱ्या गावचे म्हणून क्षणात फिरते. त्यातले एक जरी खोटे निघाले, तरी खऱ्या पीडिताच्या शब्दावरचाही विश्वास उडतो. कोण, कुठे, केव्हा याची नोंद नसलेले चित्र भावना भडकवील. न्याय मिळवून देणार नाही.

दुसरे पथ्य पीडिताच्या सन्मानाचे. सेवाकार्याच्या कित्येक अहवालांत मदत देणारा मध्यभागी हसत उभा असतो आणि घेणारा मान खाली घालून कडेला. अशा चित्रात उपकार दिसतो, बंधुभाव दिसत नाही. समरसतेचा उच्चार करणाऱ्यांनी तरी याचा गांभीर्याने विचार करावा. वस्तीत कॅमेरा जरूर न्यावा. पण त्यापूर्वी समोरच्याचे नाव विचारावे, त्याची संमती घ्यावी आणि छायाचित्र छापून आल्यानंतरही त्या घरी जाणे सुरू ठेवावे.