डोक्याचा फोटो आणि मनाचा आजार

वस्त्यांतून फिरताना अलीकडे आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. घरातला कर्ता माणूस महिनोन् महिने गप्प बसतो, कामावर जात नाही. कुणा भगिनीची छाती धडधडते, हातपाय गार पडतात, रात्ररात्र डोळा लागत नाही. घरचे विचारतात, "दादा, डोक्याचा एमआरआय काढला तर काय ते कळेल ना?" मग उसनवारी करून फोटो काढला जातो. रिपोर्ट येतो नॉर्मल. आणि त्या दिवसापासून घरात बोलणे सुरू होते, "काही झालेलं नाही, सोंग करतोय." हे बोलणे आजारी माणसाला आणखी खाली ढकलते. म्हणून हा फोटो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आज समजून घेऊ.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठे चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने मेंदूची रचना दिसते. गाठ, रक्तस्राव, पक्षाघाताची जागा त्यात कळते. डॉक्टरांना तसा संशय आला तर तो जरूर काढावा. पण नैराश्याचा असा डाग फोटोत उमटत नाही.

संशोधक आणखी एक पद्धत वापरतात. प्राणवायू असलेले रक्त आणि प्राणवायू कमी असलेले रक्त चुंबकापुढे वेगळे वागते. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे रक्ताचा ओघ वाढतो. या फरकावरून मेंदूचे चालू काम टिपता येते, हे सेइजी ओगावा या शास्त्रज्ञाने 1990 साली दाखवले. अशा तपासणीत लोकांना घाबरलेले, रागावलेले चेहरे दाखवतात. कानशिलाच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. भीतीची घंटा वाजवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. चिंतारोगाच्या अनेक रुग्णांमध्ये तो इतरांपेक्षा जास्त चेततो, असे आढळले आहे.

नैराश्याचेही तसेच. 2015 साली अनेक देशांतील संशोधकांनी 1728 रुग्ण आणि 7199 निरोगी माणसे यांचे फोटो एकत्र तपासले. आठवणींशी संबंधित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग रुग्णांत थोडा लहान निघाला. किती? सरासरीने सव्वा टक्क्याच्या आसपास.

इथेच खरी मेख आहे. हिशेबाच्या भाषेत सांगतो. एका कारखान्यात दोन खाती आहेत. एका खात्याचा सरासरी पगार दुसऱ्यापेक्षा शंभर रुपयांनी कमी आहे. आता आम्ही तुमच्या हातात एकच पगारपत्रक दिले, तर ते कोणत्या खात्यातले हे सांगाल का? नाही सांगता येणार. सरासरी खरी असते, पण ती एकट्या माणसाचा निकाल देत नाही. म्हणून हे संशोधन मोलाचे असले, तरी आज नुसत्या मेंदूच्या फोटोवरून नैराश्याचे किंवा चिंतारोगाचे निदान होत नाही. कुणी तसा दावा करून पैसे मागत असेल, तर खिशाला हात लावण्यापूर्वी सरकारी रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाला विचारा.

मग निदान होते कशावरून? माणसाशी बोलून. दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उदास आहे का, कशातच गोडी वाटत नाही का, झोप, भूक, कामातले लक्ष कसे आहे, जीव द्यावासा वाटतो का, हे डॉक्टर विचारतात. थायरॉईड बिघडल्यानेही अशी लक्षणे दिसतात. त्यासाठी साधी रक्ततपासणी पुरते. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून त्या सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून मनाने बंदही करू नयेत.

सरकारची टेली मानस ही मोफत दूरध्वनी सेवा 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. मराठीतही बोलता येते. जीव देण्याची भाषा कुणी करत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

बंधू-भगिनींनो, नॉर्मल रिपोर्ट ही चांगली बातमी आहे. डोक्यात गाठ नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो रिपोर्ट पुढे करून घरातल्या आजारी माणसाला खोटे ठरवू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐकून घ्या आणि त्याच्यासोबत दवाखान्याच्या रांगेत उभे राहा.